कोयत्याची गाणी झाली, वर्गमित्राचे गाणे कधी?

जळोची (ता. बारामती), प्रतिनिधी

बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात ३० सप्टेंबर २०२४ रोजी बारावीतील एका विद्यार्थ्याचा कोयत्याने वार करून खून झाला. संशयितही त्याच महाविद्यालयात शिकणारी अल्पवयीन मुले निघाली. जळोची, रुई, तांदूळवाडी ही गावे नगरपरिषदेच्या हद्दीत आल्यापासून इथली शहर आणि खेडे यांतील सीमारेषा पुसट झाली आहे. इंदापूर तालुक्यातील मुलेही शिक्षणासाठी याच शहराकडे धाव घेतात. साहजिकच हा धक्का एका महाविद्यालयापुरता राहिला नाही.

त्यानंतर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बारामतीत ‘शक्ती अभियान’ जाहीर केले. शक्ती पेटी, शक्ती नंबर, शक्ती कक्ष, शक्ती नजर आणि शक्ती भेट असे त्याचे पाच भाग. यातील ‘शक्ती नजर’ म्हणजे समाजमाध्यमांवर शस्त्रांसह मिरवणाऱ्यांवर पोलिसांचे लक्ष. हे सारे आवश्यकच होते. मात्र ज्या मुलांसाठी हा खटाटोप, त्यांची स्वतःची भाषा यात कुठे दिसत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची भाषा बव्हंशी गाण्यांतून घडते, आणि या बाबतीत पाश्चात्त्य रॉक संगीताचा अनुभव, त्यातील चुकांसह, तपासून पाहण्याजोगा आहे.

२९ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे सोळा वर्षांच्या एका मुलीने घरासमोरच्या प्राथमिक शाळेवर गोळीबार केला. मुख्याध्यापक व एक कर्मचारी ठार झाले, आठ मुले जखमी झाली. कारण विचारता, आपल्याला सोमवार आवडत नाही, असे तिने सांगितले. आयर्लंडच्या ‘बूमटाउन रॅट्स’ या बँडचे गायक बॉब गेल्डॉफ तेव्हा अटलांटातील एका विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रात होते. टेलेक्सवर आलेली ही बातमी त्यांनी वाचली आणि ‘आय डोन्ट लाइक मंडेज’ हे गाणे जन्मले. त्याच वर्षी ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर चार आठवडे राहिले. अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मात्र ते वाजविण्याचे टाळले. आपल्या गाण्यामुळे ती मुलगी प्रसिद्ध झाली, याची खंत गेल्डॉफ यांनी पुढे बोलून दाखविली.

‘पर्ल जॅम’ या बँडच्या ‘जेरेमी’ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. जानेवारी १९९१ मध्ये टेक्सासमधील पंधरा वर्षांच्या मुलाने वर्गासमोर स्वतःवर गोळी झाडून घेतली. गायक एडी वेडर यांनी वृत्तपत्रात त्याविषयीचा एक छोटा परिच्छेद वाचला होता. गाणे आले, १९९२ मध्ये त्याची चित्रफीतही आली. परंतु मुलगा पिस्तूल तोंडात धरतो ते दृश्य एमटीव्हीच्या नियमांमुळे कापावे लागले. परिणाम विपरीत झाला. रक्ताचे शिंतोडे उडालेली मुले तेवढी पडद्यावर उरली आणि त्याने वर्गमित्रांनाच मारले, असा असंख्य प्रेक्षकांचा समज झाला. मूळ दृश्यासह चित्रफीत अधिकृतपणे उपलब्ध झाली ती थेट २०२० मध्ये. मरणाऱ्या मुलाची गोष्ट मारणाऱ्या मुलाची होऊन बसली, तीही शस्त्र दिसू नये या सद्हेतूने! त्याच्या आईने तर २०१८ मध्ये सांगितले, की मृत्यूचा तो एक दिवस म्हणजे आपल्या मुलाचे आयुष्य नव्हे. गाणाऱ्याला, आणि बातमी देणाऱ्यालाही, हे ऐकून घ्यावे लागते.

गाण्यावर खापर फोडण्याची सवयही तिथलीच. २० एप्रिल १९९९ च्या कोलंबाइन हत्याकांडानंतर मॅरिलिन मॅन्सन या गायकावर टीकेची झोड उठली, त्याच्या बँडला दौऱ्यातील उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले. हल्लेखोर त्याचे चाहते नव्हते, हे नंतर उघड झाले. तोवर चर्चेचा धुरळा खाली बसला होता.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. बारामती-इंदापूरचा हा पट्टा उसाचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांचा. ऊसतोडणी कामगारांच्या हातातले पोटापाण्याचे अवजार म्हणजे कोयता. त्याची पुण्याच्या गल्लीत ‘दहशत’ झाली आणि तेथून तो मोबाइलच्या पडद्यावर आला. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटाने जमिनी विकल्या गेल्यावर शेतकऱ्याच्या पोराची कशी वाताहत होते, ते दाखविले होते. पोरांनी मात्र त्यातला शेवट सोडला आणि ठेका तेवढा उचलला. एप्रिल २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या एका रॅप गाण्यात पिस्तूल, तलवार व मद्याची बाटली दिसली आणि प्रकरण पोलिसांत गेले. त्यावर वाद झाला तो शिव्यांचा आणि चित्रीकरणाच्या परवानगीचा. विद्येच्या इमारतीत शस्त्र मिरवावेसे तरुणांना का वाटते, हा प्रश्न बाजूलाच पडला.

म्हणजे हत्यार धरणाऱ्याच्या बाजूची गाणी मराठीत मुबलक आहेत. ज्याच्या शेजारचे बाक रिकामे झाले, त्याच्या बाजूचे, सर्वांच्या तोंडी असलेले गाणे चटकन आठवत नाही. वास्तविक अन्यायाच्या घटनेवर पोवाडा रचणारी, हलगीवर वस्तीला जागे करणारी शाहिरी ही इथलीच परंपरा. ती शाळेच्या फाटकापाशी का थबकली, हे कोडेच आहे.

कोलंबाइनचेच एक गाणे या संदर्भात ‘जेरेमी’पेक्षा मोलाचे वाटते. त्या शाळेत शिकणाऱ्या कोहेन बंधूंनी घटनेनंतर ‘फ्रेंड ऑफ माइन’ हे गाणे रचले आणि पाचव्याच दिवशी, २५ एप्रिल रोजी, हजारोंच्या शोकसभेत स्वतः गायले. हल्लेखोराच्या मनाचा ठाव घेण्याच्या फंदात ती मुले पडली नाहीत. आपली शाळा आणि गेलेले सोबती, एवढाच त्यांचा विषय होता. संगीत म्हणून ते गेल्डॉफ किंवा वेडर यांच्या तोडीचे नसेलही. पण त्यासाठी कोणा बाहेरच्याला टेलेक्स वाचावा लागला नाही.

‘शक्ती भेट’ हा अभियानातील पाचवा भाग विद्यार्थ्यांशी थेट संवादाचा आहे. अशा भेटींत पोलीस अधिकारी बोलतात, कायद्याची कलमे समजावतात, मुले ऐकून घेतात. त्यातला अर्धा तास मुलांच्या हाती कागद देऊन, भांडण पेटण्याच्या आदल्या दिवशी वर्गात काय चालले होते, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला खर्च काहीच नाही. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनांचा हंगाम असतो आणि त्यातील बहुतेक नाच चित्रपटगीतांवरच बसविले जातात. त्या कागदांतून एखादे गाणे निघाले, तर त्याला तिथे पाच मिनिटे देता येतील.