पग घोरत नाही, गुदमरतो

गेल्या मे महिन्यात ताई आणि भाऊजी चार दिवस बाहेरगावी गेले होते. त्यामुळे भाचा आणि त्यांचा पग लाडू, दोघंही माझ्याकडे मुक्कामाला. संध्याकाळी साडेपाचला ऊन उतरलंय असं वाटलं, म्हणून तिघं खाली फिरायला गेलो. सोसायटीला दोन फेऱ्या झाल्या आणि लाडू मटकन बसला. जीभ निळसर, डोळे बाहेर आलेले, घशातून करवतीसारखा आवाज. भाचा म्हणाला, "मामा, बघ ना, हसतोय तो!"

तो हसत नव्हता. उचलून नळाखाली धरला, ओल्या अंगानेच रिक्षात घातला आणि डॉक्टरांकडे पळालो. ताप १०६ फॅरनहाइट. कुत्र्याचा साधारण १०२ च्या आसपास असतो. ऑक्सिजन लावल्यावर तासाभराने लाडूने मान वर केली. डॉक्टरांनी विचारलं, "किती चाललात?" म्हटलं, "दोन फेऱ्या." त्यांनी नुसती मान हलवली. जणू एवढं पुरेसं आहे!

आणि खरंच पुरेसं आहे. आपल्याला घाम येतो, कुत्र्याला तसा येत नाही. तो धापा टाकून, म्हणजे नाक-तोंडाच्या ओलाव्यावरून हवा खेळवून अंग थंड करतो. पगचं तोंड आपण पिढ्यान् पिढ्या निवड करून आखूड केलं, पण आतलं सामान त्या मानाने कमी झालं नाही. नाकपुड्या चिरेएवढ्या आणि मऊ टाळू लांब होऊन थेट श्वासनलिकेच्या तोंडावर. थोडक्यात, कॅबिनेट छोटं केलं, हार्डवेअर तेवढंच ठेवलं आणि पंख्याची जाळी बुजवून टाकली. मशीन तापणारच!

डोळ्यांच्या खोबणी उथळ, म्हणून बुबुळाला जखमा. चेहऱ्याच्या घड्यांत ओल राहून जंतुसंसर्ग. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या २०२२ च्या अभ्यासात इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगना श्वासमार्गाच्या अडथळ्याचा आजार असण्याची शक्यता सुमारे ५४ पट आढळली. आमच्या धंद्यात बग लपवता आला नाही की 'ते फीचर आहे' म्हणायची पद्धत आहे. पगचं घोरणं हे असलंच फीचर.

बरं, हा काही देवाने दिलेला चेहरा नाही. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःच्या चित्रात आपला पग रंगवलाय, तो बघा. त्याला चक्क नाक आहे! म्हणजे बिघाड नंतरचा, आणि माणसाच्या आवडीने केलेला.

आपल्याकडे २००३ साली हचच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे फिरला आणि अख्खा देश पाघळला. खोटं कशाला बोलू, मीही पाघळलो होतो. जागा नव्हती म्हणून घेतला नाही, एवढंच माझं पुण्य. लाडूच्या घोरण्याचे व्हिडिओ मात्र मीच काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवलेत. आता आठवलं की लाज वाटते.

यावर लोक म्हणतात, "आम्ही नीट काळजी घेतो की! एसी लावतो." घ्या, घ्यायलाच हवी. पट्टा गळ्याला नको, छातीला हार्नेस. उन्हाळ्यात फिरणं उजाडायच्या आत. वजन अजिबात वाढू द्यायचं नाही. घड्या रोज पुसून कोरड्या. धाप थांबत नसेल तर आधी पाणी ओतून, वारा घालून अंग थंड करायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. गरज पडली तर नाकपुड्या रुंद करायचं ऑपरेशन. पण ज्या जिवाला नुसता श्वास घेता यावा म्हणून ऑपरेशन लागतं, तो मुळात तसा जन्माला का घालायचा? वर्कअराउंड कितीही चांगला असला, तरी चूक डिझाइनमध्येच आहे.

दुसरा मुद्दा, "मग काय जातच संपवायची?" नेदरलँड्सने २०१९ मध्ये साधी मोजपट्टी लावली. नाकाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशाहून कमी असेल, तर त्या कुत्र्याची पैदास नाही. लांब नाकाचा पग हाही पगच असेल की! संपायचा तो फक्त हा त्रास.

आपल्याकडेही कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७ चे नियम आहेत. पण खरी नाडी गिऱ्हाईकाच्या हातात आहे. 'एकदम चपटा फेस' असं विचारून पिल्लू घेणारे आपणच. मागणी आहे तोवर पिंजऱ्यातली मादी वीत राहणार.

तेव्हा घरात पग असेल तर त्याला जिवापाड जपा. नसेल, तर कृपया विकत घेऊ नका. गल्लीतलं गावठी पिल्लू आणा. त्याला नाक आहे, आणि पुण्याचा मे महिना त्याच्या बापजाद्यांनी पाहिलाय.

परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, लाडू आत्ता हसतोय का धापा टाकतोय, हे कसं ओळखायचं?" सात वर्षांच्या पोराला आपल्या कुत्र्याबद्दल हे विचारावं लागतं. अजून काय बोलणार?