दरड 'अचानक' कोसळत नाही!

दर जुलैमध्ये एक मथळा ठरलेला असतो, 'निसर्गाचा कोप'. आणि खालच्या बातमीत एक शब्दही ठरलेला, 'अचानक'. माझं भांडण आहे ते या 'अचानक'शी.

शाळेत भूगोलात 'खडकांचे विदारण' होतं, आठवतंय का? कायिक, रासायनिक, जैविक असे प्रकार पाठ करायचे, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. पण सह्याद्रीच्या कुशीत घर घ्यायचं असेल, तर हा धडा विसरून कसं चालेल?

आपला सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक रचलेले थर. हा काळा बेसॉल्ट कितीही टणक दिसला, तरी त्यात भेगा असतात. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतं. ते भेगांतून मुरतं, खडकातल्या फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती करतं, लोहाला गंज चढवतं. दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि शेवटी उरतो मुरूम. गड उतरताना ज्याच्यावरून आपण हमखास घसरतो, तोच!

आता विदारण काही खलनायक नाही. विदर्भ-मराठवाड्याची कापसाची काळी जमीन त्याचीच देणगी, कोकणातल्या घरांचा जांभा दगडही त्याचाच. प्रश्न येतो तो तीव्र उतारावर. वर मुरूम-माती, खाली टणक खडक. मुसळधार पावसात पाणी मुरतं आणि खडकाशी येऊन अडतं. वरच्या थराचं वजन वाढतं, खालची पकड सुटते. मग सगळा थरच निघतो.

आमच्या धंद्यात मेमरी लीक नावाचा प्रकार असतो. सर्व्हर पहाटे तीनला झोपतो, पण बिघाड कित्येक दिवस चालू असतो. डोंगराचंही तसंच. फक्त इथे रीस्टार्ट नाही.

३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, सुमारे १५० माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, आणि ही वाडी तर सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती! म्हणजे पाऊस निमित्त होता, तयारी कितीतरी आधीपासून चालली होती.

प्रत्येक दरड माणसामुळेच कोसळते, असं मी म्हणत नाही. पण रस्त्यासाठी, फार्महाऊससाठी उताराचा पायथा कापला की वरच्या मुरमाचा आधारच जातो. ओहोळ बुजवला की पाणी आतच राहतं. त्यानंतर जे होतं त्याला 'निसर्गाचा कोप' म्हणणं ही शुद्ध पळवाट आहे.

आणि डोंगर सूचना देतच नाही, असंही नाही. जमिनीला नव्या भेगा पडतात, झाडं-खांब कलतात, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होतं. हे ओळखायला वाडीतल्या माणसांना शिकवणं, पावसाची मोजणी तिथल्या तिथे करणं आणि वेळेत त्यांना हलवणं, याला काही रॉकेट सायन्स लागत नाही. त्याला लागते ती पावसाळ्याआधीची इच्छा.

असो. आपल्यापैकी बरेच जण वीकेंड होमच्या जाहिराती बघत असतात. 'व्हॅली व्ह्यू' कसा आहे हे जरूर विचारा. पण त्याआधी हा उतार कुणी कापलाय, खाली खडक आहे की मुरूम, आणि पाणी कुठून जातं, हेही विचारा. बिल्डरला उत्तर देता आलं नाही, तर तेच तुमचं उत्तर समजा.