पाऊस कळवलात, शेतात काय करायचे ते कोण सांगणार?

प्रति,
महासंचालक,
भारतीय हवामानशास्त्र विभाग,
मौसम भवन, नवी दिल्ली

नुंगंबाक्कम, चेन्नई
९ डिसेंबर २०२४

महोदय,

देशातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्याचा आदेश जानेवारी २०२४मध्ये निघाला. त्याच महिन्याच्या १५ तारखेला आपल्या विभागाने १५०व्या वर्षात पदार्पण केले आणि दिल्लीत सोहळा झाला. आता त्या वर्षाची सांगता जवळ आली आहे. या अवधीत एक खरीप पार पडला, रब्बीच्या पेरण्या झाल्या, आणि ही केंद्रे ज्या कृषी विज्ञान केंद्रांत होती तिथल्या खुर्च्या रिकाम्याच आहेत. शास्त्रज्ञांनी निवेदने दिली, शेतकऱ्यांनी मागण्या केल्या, लोकप्रतिनिधींनी पत्रे लिहिली. सप्टेंबरात केंद्रे पुन्हा सुरू करण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या आल्या. विचाराने फवारणीची वेळ कळत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

मी कॉलेज रोडवरच्या आपल्या प्रादेशिक हवामान केंद्रापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहतो. गेल्या आठवड्यात काय झाले ते आपण जाणताच. ३० नोव्हेंबरच्या रात्री ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आले. तिथे एका दिवसात चाळीस सेंटिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, विल्लुपुरम आणि कडलूरकडची शेती पाण्याखाली गेली. मग विरत चाललेले ते वादळ कर्नाटक ओलांडून अरबी समुद्राकडे सरकले आणि आमच्या दक्षिण महाराष्ट्रात, कोकणात आभाळ भरून आले. तासगावहून धाकट्या भावाचा फोन आला. द्राक्षबागेत घड लागलेले, हवा दमट, सकाळी पाने ओली. डाऊनी रोगाचे औषध आज मारू, की उद्या उघडीप मिळेल? आज मारले आणि संध्याकाळी सर आली तर औषधही गेले आणि मजुरीही. नाही मारले आणि ढग तसेच राहिले तर घड हातचे जातात.

आपल्या संकेतस्थळावर मला पाऊस दिसला, आर्द्रता दिसली, वाऱ्याचा वेग दिसला. भावाच्या प्रश्नाचे उत्तर दिसले नाही. ते तिथे असणारही नाही, कारण ते उत्तर हवामानाचे आकडे, पिकाची अवस्था, रोगाची साखळी आणि त्या गावची माती एकत्र मांडणाऱ्या माणसाकडेच असते.

माझ्या भावाची चिंता मी फार करत नाही, हेही सांगतो. द्राक्षाला सल्ला मिळतो. बागायतदारांचा राज्यव्यापी संघ आहे, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि तिथले शास्त्रज्ञ हवामान पाहून सल्ला देतात, ज्याला परवडते तो खासगी सल्लागारही ठेवतो. द्राक्षात पैसा आहे म्हणून द्राक्षाभोवती माणसे उभी राहिली. पण त्याच ढगाखाली तुरीचे पीक शेंगा भरण्याच्या अवस्थेत उभे असते आणि ढगाळ हवेत घाटेअळीची भीती वाढते. वेचणीला आलेला कापूस भिजला तर त्याची प्रत घसरते. या शेतकऱ्यांनी कोणाला विचारायचे? पाच एकर कोरडवाहू असलेला माणूस सल्लागाराची फी देऊ शकत नाही. तो तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात जातो आणि काउंटरपलीकडचा माणूस जी बाटली हातात देतो ती घेऊन येतो.

या व्यवस्थेची किंमत यवतमाळने २०१७मध्ये मोजली आहे. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती: औषधांची घातक मिश्रणे, उंच वाढलेला कापूस, संरक्षक साधनांचा अभाव. पण कोणत्या दिवशी, कोणत्या वाऱ्यात, काय फवारू नये हे वेळेवर सांगणारे विश्वासाचे माणूस जवळ नव्हते, हेही त्यातले एक कारण आहेच. त्यानंतरच्याच वर्षी, २०१८मध्ये, केंद्र सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी हवामान केंद्रे उघडण्याचा निर्णय घेतला. आपण ५३० केंद्रे उभी करणार होता. उभी राहिली १९९. उरलेली उभी करण्याऐवजी होती तीही मोडली गेली.

आता आकड्यांकडे येतो, कारण बंद करण्याचे समर्थन काटकसरीच्या आणि तंत्रज्ञानाच्या भाषेत झाले. एका केंद्रात दोन माणसे: कृषी हवामानशास्त्राचा एक विषय विशेषज्ञ आणि एक निरीक्षक. १९९ केंद्रांची मिळून ३९८ पदे, तीही कंत्राटी. प्रत्येकावर महिन्याला सरसकट एक लाख रुपये खर्च धरा, जो प्रत्यक्षात इतका असणार नाही, तरी वर्षाचा हिशेब ४८ कोटींच्या आत बसतो. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांकरिता २,००० कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे वर्षाला हजार कोटी, आणि त्यातले पाच टक्केही या माणसांना लागत नव्हते. त्याच महिन्याच्या २ तारखेला कृषी विज्ञान केंद्रांच्या बळकटीकरणासाठी १,२०२ कोटी मंजूर झाले. ज्या केंद्रांना बळकट करायचे, त्यांच्याच आवारातला हवामानाचा कक्ष त्याच वर्षी कुलूपबंद झाला. याला बळकटीकरण म्हणायचे कसे, ते आपण सांगावे.

फायद्याचा आकडा तर आपल्याच मंत्रालयाने अभिमानाने सांगितलेला आहे. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या २०२०च्या अहवालानुसार, हवामान सल्ला मिळालेल्या शेतकऱ्यांपैकी ९८ टक्क्यांनी शेतीच्या नऊ महत्त्वाच्या कामांपैकी किमान एकात बदल केला. पेरणी पुढेमागे केली, काढणी लवकर उरकली, खताचे, फवारणीचे किंवा पाण्याचे वेळापत्रक बदलले. कोरडवाहू जिल्ह्यांतला वार्षिक लाभ १३,३३१ कोटी रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या शेतकरी कुटुंबामागे वर्षाला सुमारे १२,५०० रुपये. मान्सून मिशन आणि महासंगणकांवर घातलेल्या एका रुपयामागे देशाला पन्नास रुपये मिळतील, असेही त्या अहवालात आहे. महोदय, हा पन्नासपट परतावा महासंगणक एकटा देत नाही. संगणकाचे उत्तर शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचून त्याने आपले काम बदलले, तेव्हाच तो रुपया वाढतो. ते पोहोचवणारा दुवा आपण तोडलात.

माहिती अधिकारात मिळालेल्या कागदपत्रांच्या आधारे वृत्तपत्रांत आले की, ही केंद्रे केवळ आकडे गोळा करतात आणि आकडे आता स्वयंचलित यंत्रे देतात, अशी भूमिका नीती आयोगाने मांडली. माहितीतून महसूल मिळवण्याची सूचनाही त्याच कागदांत असल्याचे छापून आले. असे मत मांडणारा कधी एखाद्या केंद्रात बसला असता तर त्याला कामाचे स्वरूप कळले असते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज येतो. विशेषज्ञ तो घेऊन शेजारच्या खोलीतल्या पीक संरक्षणाच्या, उद्यानविद्येच्या, पशुसंवर्धनाच्या सहकाऱ्यांशी बोलतो. तालुक्यात सोयाबीन फुलात आहे की शेंगेत, कुठे पेरणी राहिली आहे, हे त्याला माहीत असते. मग तो मराठीत पत्रिका लिहितो: दोन दिवस पाणी देऊ नका, काढलेले सोयाबीन झाकून ठेवा, शनिवारनंतर फवारा. ती शेकडो व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जाते आणि तासाभरात उलट प्रश्न येऊ लागतात. पाऊस चुकला तर शेतकरी त्यालाच जाब विचारतो. हे उलट येणारे प्रश्न पर्जन्यमापक यंत्राला ऐकू येत नाहीत.

नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत याचे मोल आणखी मोठे होते. तिथे आदिवासी शेतकऱ्याची बोली वेगळी, पिके वेगळी, डोंगरउताराची शेती वेगळी. आता या जिल्ह्यांनी कृषी विद्यापीठांतल्या क्षेत्रीय केंद्रांकडे पाहायचे. अशी केंद्रे देशात १३० आहेत आणि एकेकाच्या वाट्याला चार-पाच जिल्हे येतात. तिथले लोक मनापासून काम करतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण राहुरीत बसून सातपुड्यातल्या तालुक्याचा सल्ला लिहायचा, ही त्यांच्यावर आणि शेतकऱ्यावर सारखीच सक्ती आहे.

२४ ऑक्टोबरला आपण ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज सुरू केलात. अडीच लाख पंचायतींना पाच दिवसांचे हवामान मोबाइलवर मिळणार. हे मोठे काम आहे आणि मी त्याचे स्वागत करतो. मात्र अंदाज गावापर्यंत नेण्याची घोषणा ज्या वर्षी होते, त्याच वर्षी त्या अंदाजाचा अर्थ लावणारा माणूस जिल्ह्यातूनही काढला जातो. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून प्रत्येक महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र बसले, दोन हजारांहून अधिक. त्यांचे आकडे पीकविम्याचे दावे ठरवायला उपयोगी पडतात. नुकसान झाल्यावर ते किती झाले हे मोजण्यासाठी एवढी यंत्रे, आणि नुकसान टाळण्यासाठी जिल्ह्याला दोन माणसेही परवडत नाहीत?

कृषी विस्तारात सर्वांनी एकत्र यावे, असे प्रत्येक अहवाल सांगतो. २००५-०६पासून जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या, म्हणजे ‘आत्मा’च्या, समित्या आहेत, कृषी विज्ञान केंद्रांच्या सल्लागार समित्या आहेत, त्यांत शेतकरीही असतात. त्यांच्या बैठका अनेकदा वर्षातून एक-दोन वेळा होतात आणि इतिवृत्तात संपतात. जिल्हा कृषी हवामान केंद्राने मात्र आपला विभाग, भारतीय कृषी अनुसंधान परिषद, कृषी विद्यापीठ, राज्याचे कृषी खाते आणि शेतकरी यांना आठवड्यातून दोनदा एकाच कामाला लावले. कारण ढग थांबत नाही, त्यामुळे कोणाला फाइल थांबवता येत नाही. एकत्र काम जमते ते असे, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या प्रश्नावर. जालन्याच्या खरपुडी कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकरी आणि शास्त्रज्ञ समोरासमोर बसतात. त्या केंद्राशी जोडलेल्या विजयअण्णा बोराडे यांच्यासारख्या माणसाने ती तारीख जपली म्हणून लोक येत राहिले. आपण तर ती सवय दोनशे जिल्ह्यांत रुजवत आणली होती.

आपल्या विभागाचा वारसाही हेच सांगतो. शेतीच्या हवामानाचा विभाग पुण्यात १९३२मध्ये सुरू झाला, तो डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली. शेतकऱ्यांसाठीची हवामान वार्तापत्रे १९४५पासून निघू लागली. आणि आपले केंद्र आज ज्या आवारात आहे त्या नुंगंबाक्कमच्या वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे सहायक होते. ९ डिसेंबर १८७४ रोजी, म्हणजे बरोबर १५० वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, शुक्राचे अधिक्रमण झाले. ते काय आहे हे सामान्य माणसाला कळावे म्हणून रघुनाथाचारींनी इंग्रजीबरोबर देशी भाषांतही पुस्तिका काढली. परक्यांच्या राज्यात, दुय्यम पदावर असताना एका शास्त्रज्ञाने हे आपले कर्तव्य मानले. स्वराज्यात ते अनावश्यक खर्च ठरावे, याचा मला संताप आहे.

देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४मध्ये पुदुच्चेरीत उघडले. त्याला यंदा पन्नास वर्षे झाली. याच वर्षी त्या भागातले शेतकरी गुडघाभर पाण्यात उभे आहेत. कुठले भात वाचवता येईल, पाणी किती दिवसांत काढले पाहिजे, नत्राचा हप्ता कधी द्यायचा, हे त्यांचे आजचे प्रश्न आहेत. तिकडे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हरभऱ्याला पाणी द्यावे की ढगांची वाट पाहावी हे विचारायचे आहे. दोघांच्या डोक्यावर एकच वादळ होते, आणि दोघांनाही त्याचे नाव ठाऊक होते.

मागणी सरळ आहे. १९९ केंद्रांचा बंदचा आदेश मागे घ्या. पदे कंत्राटी न ठेवता कायम करा, कारण दर वर्षी मुदतवाढीची वाट पाहणारा माणूस जिल्ह्याचे हवामान शिकू शकत नाही. खर्च आपण आणि कृषी अनुसंधान परिषद यांनी वाटून घ्या. दोघांच्याही पदरात या वर्षी नवा पैसा पडलेला आहे. ज्या प्रशिक्षित लोकांना घरी पाठवले, त्यांना आधी परत बोलवा. उरलेल्या ३३१ जिल्ह्यांचे वेळापत्रक जाहीर करा. आणि केंद्रे बंद करताना शेतकऱ्यांवरच्या परिणामांचा कोणता अभ्यास झाला होता, तो लोकांसमोर ठेवा. झालाच नसेल तर तसे लिहून द्या.

१५ जानेवारीला आपण दीडशे वर्षांचा सोहळा कराल. त्या व्यासपीठावरून या पत्रातल्या एका तरी मागणीचे उत्तर मिळावे. ते देताना पाऊस किती टक्के अचूक सांगता हे सांगू नका, ते आम्हाला ठाऊक आहे. केंद्रे कोणत्या तारखेला उघडणार, तेवढेच सांगा.

आपला,
तासगावचा एक शेतकरीपुत्र
सध्या मुक्काम नुंगंबाक्कम