तीन वर्षं वाया गेली?

शनिवार सकाळ, दुसरा चहा आणि भाच्याचा फोन. "मामा, बी.एस्सी. केमिस्ट्री झालं, पण मला सॉफ्टवेअरमध्येच जायचंय. तीन वर्षं वाया गेली ना?"

मला हसू आलं, कारण मीही केमिस्ट्रीवालाच. नंतर एमसीए करून या धंद्यात शिरलो. पण सुरुवातीला लंचला कुणी "बी.ई. कुठून?" विचारलं, की मी नुसतं "पुण्यातून" म्हणून विषय बदलायचो. आता लाज वाटते ती त्या लपवाछपवीची, डिग्रीची नाही.

रस्ते आहेत हो. बारावीला गणित असेल तर बी.एस्सी.नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पहिल्या वर्षाचं ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स तेवढं सोबत सोडवावं लागतं. म्हणजे आणखी तीन वर्षं. एमसीए आमच्या वेळी तीन वर्षांचं होतं, २०२० पासून ते दोन वर्षांचं झालंय.

पण माझं मत विचाराल तर खरा प्रश्न डिग्रीचा नाहीच. डिग्री लागते ती फॉर्म भरायला. (काही कंपन्या 'फक्त बी.ई./बी.टेक.' लिहून चांगली माणसं दारातच अडवतात, तो मूर्खपणा वेगळा!) कामाला लागतो तो पाया. एमसीएला मी डेटा स्ट्रक्चर्स पाठ करून पास झालो. मग नोकरीत दोन याद्या जुळवायला लूपमध्ये लूप टाकला. टेस्टिंगला शंभर नोंदी, सगळं झकास. लाइव्ह गेल्यावर दोन्हीकडे एकेक लाख. म्हणजे १००० कोटी तुलना! रात्रभर प्रोग्रॅम संपेना. सकाळी एका सीनियरने हॅश टेबल वापरून ते काम काही सेकंदांत उरकलं. त्या दिवसापासून पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं.

आणि केमिस्ट्री? ब्युरेटचं रीडिंग जुळेपर्यंत पुन्हा घ्यायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लगेच वहीत लिहायचं. बग शोधताना मी आजही हेच करतो. हे मला लॅबने शिकवलं, एमसीएने नाही.

तेव्हा भाच्याला सांगितलं, कोर्स कुठलाही निवड, पण पाया चुकवू नकोस. आणि कुणी विचारलं तर केमिस्ट्री म्हणून सांग, बिनधास्त. मला ते सांगायला फार वर्षं लागली.

असो. चहा गार झाला. बघा पटतंय का.