डब्यावरची शेवटची चार अक्षरे



आज तुम्हाला थोडे इंग्रजी शिकवणार आहे. हसू नका. मास्तरकी हा माझा धंदा नव्हे, पण या चार अक्षरांपायी एका घरची दीड एकर कपाशी माझ्या डोळ्यांदेखत गेली. त्यात निम्मी चूक माझी होती, म्हणून लिहिणे भाग आहे.

झाले असे. एका गावच्या सभेत कुणीतरी विचारले, "साहेब, दुकानदार टॉनिक देतोय की खरं औषध, ते वळखायचं कसं?" मी घाईत होतो. म्हणालो, "डब्यावरच्या इंग्रजी शब्दाच्या शेवटी सी, आय, डी, ई ही अक्षरं आहेत का बघा. असली तर ते मारणारं औषध." सीआयडीच्या पुढे ई, असे म्हटल्यावर मंडळी हसली आणि अक्षरे ध्यानातही राहिली. मीही खूश होऊन जीपमध्ये बसलो.

श्रावणात त्याच गावचे एक आप्पा कपाशीचा शेंडा धोतराच्या सोग्यात गुंडाळून कार्यालयात आले. पाने भेंडीच्या पानासारखी लांबट, चिरलेली, शिरा एकमेकींना चिकटून गेलेल्या, देठ पिळवटलेले. मी विचारले, "पंपात काय घातलं होतं?" म्हणाले, "मावा पडला म्हणून घरातलंच औषध मारलं. पोरीनं वाचून दिलं. सीआयडी होतं की त्यावर."

डबा पाहिला. गव्हातल्या तणासाठी आणलेले टू-फोर-डी शिल्लक होते. शब्द होता हर्बिसाइड. नववीतल्या पोरीने शेवटची चार अक्षरे बरोबर ताडून पाहिली होती. पुढचा हर्ब तिला अंगाच्या साबणावरच्या हर्बलसारखा वाटला. म्हणाली, "मला वाटलं झाडपाल्याचं असेल, सौम्य असेल." तिचे तरी काय चुकले? अर्धा धडा तर मीच दिला होता.

आता पुरा धडा घ्या. शेवटचे साइड हे लॅटिन भाषेतले, मारणे या अर्थाचे. ते फक्त मारणारा आहे एवढेच सांगते. कुणाला मारणारा, ते शब्दाचे तोंड सांगते. इन्सेक्ट म्हणजे कीडा, म्हणून इन्सेक्टिसाइड कीटकनाशक. फंगस म्हणजे बुरशी, त्यावरून फंगिसाइड. हर्ब म्हणजे कोवळ्या दांड्याची वनस्पती, आणि वीड म्हणजे तण. हर्बिसाइड म्हणा की वीडिसाइड, दोन्ही तणनाशकच. मायटिसाइड लाल कोळ्यासाठी, निमॅटिसाइड सूत्रकृमीसाठी, रोडेंटिसाइड उंदरासाठी. पेस्टिसाइड हा मात्र सगळ्यांना पोटात घेणारा शब्द, त्यावरून काहीच कळत नाही. कोर्टातल्या होमिसाइडमध्ये, म्हणजे मनुष्यवधात, तीच चार अक्षरे आहेत. आपण मात्र या सगळ्याला औषध म्हणतो! खोकल्याच्या बाटलीलाही औषध आणि यालाही औषध. घरोघरी ते फळीवर शेजारीशेजारी दिसते. ते आधी कुलपात घाला आणि किल्ली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

कायदाही या बाबतीत आपल्याला फारशी मदत करत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या व्याख्येत बुरशीनाशके आणि तणनाशकेही धरली आहेत. त्यामुळे दुकानाच्या पाटीवर कीटकनाशके लिहिले तरी आतल्या मांडणीवर तिन्ही असतात. डब्यावरच्या रंगीत त्रिकोणानेही फसू नका. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हा क्रम माणसाच्या जिवाला किती धोका ते सांगतो. हिरवा त्रिकोण पिकाला चालतो, असा अर्थ बिलकूल नाही.

टू-फोर-डी रुंद पानांच्या झाडांची वाढच पिसाट करून सोडते. गहू, ज्वारी, ऊस ही गवताच्या जातीची पिके शिफारशीच्या मात्रेत आणि योग्य वेळी दिल्यास ते सोसतात. कपाशी, द्राक्ष, टोमॅटो यांना त्याचा वारासुद्धा सोसत नाही. पंप नुसता विसळून घेतला तरी तळाशी उरलेला अंश कपाशीला पुरतो. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. दोन पंप परवडत नाहीत, असे म्हणणाऱ्याने दीड एकराचा हिशेब मांडून पाहावा.

आप्पांच्या कपाशीला उतारा नव्हता. अंश लागला असता तर नवी फूट येण्याची वाट पाहता आली असती, इथे तर पुरी मात्रा पडली होती. कपाशी उपटली आणि पुढे रब्बीत त्या रानात हरभरा केला. मी घरी गेलो तेव्हा पोरगी दाराआड उभी होती, पुढे येईना. तिला म्हटले, "बाई, तू वाचलंस ते बरोबर वाचलंस. मी सांगितलं ते अपुरं होतं." आप्पा काही बोलले नाहीत, पण चहा मात्र ठेवायला सांगितला.

हरभऱ्याच्या बियाण्याच्या वेळी तिला आणखी तीन अक्षरे दिली, एफ, आय, आर. (पोलिसांपासून आमची सुटका नाही.) आधी फंगिसाइड, मग इन्सेक्टिसाइड, शेवटी रायझोबियम. रायझोबियम हा जिवंत जिवाणू. तो आधी चोळून त्यावर मारणारी औषधे ओतली तर जिवाणू तिथेच संपेल. दहा-पंधरा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. ट्रायकोडर्माचेही ध्यानात ठेवा. ती स्वतःच एक बुरशी आहे; बुरशीनाशकाबरोबर कालवलीत तर पैसे मातीत.

पोरीने घरातल्या सगळ्या डब्यांवर कागद चिकटवून मराठीत लिहिले आहे, अळी, बुरशी, तण. तणाच्या डब्यावर लाल शाईने. वापरायच्या आधी आतले माहितीपत्रक उघडून वाचते. त्यात मराठी मजकूर असतो, पण अक्षर मुंगीएवढे, आप्पांना चष्मा लावूनही दिसत नाही.

परवा तिने विचारले, "साहेब, नावापुढं ईसी, एसएल, डब्ल्यूपी लिहितात ते काय?" आजची जागा संपली. ते पुढच्या आठवड्यात.