दोन जिवांची

थोरल्या बहिणीच्या मागे भाचीचे माहेर आमचेच. श्रावणात, सातव्या महिन्यात, ती जालन्याला आली. आम्ही हौसेने डोहाळे पुरवले. अंबडहून मोसंबी आणली, झोपाळा सजवला, ओटी भरली. तिचे डोळे भरले, तेव्हा मीच म्हटले, ‘अशा दिवसांत रडू नये ग!’

एका रात्री ती अंगणात एकटी बसलेली दिसली. म्हणाली, ‘मावशी, काय खावेसे वाटते ते सगळे विचारतात. झोप लागत नाही, जीव घाबरतो, हे कुणाला सांगू?’

‘डोहाळे’ हा शब्द ‘दोहद’वरून आला, सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. घरात मात्र जिभेपलीकडे माझे लक्षच गेले नव्हते!

सकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात शंभरांतल्या सुमारे १० गर्भवतींना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो. तो उपचाराने बरा होतो. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांना सांगावेच. २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

आता भाचीला झोप लागते. यंदा घरच्या गर्भारणीपुढे फराळ ठेवताना विचारा, ‘बाई, मन कसे आहे?’ आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच बसा.