संगणक मागे गेला, रुग्ण नाही

‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य आता केसपेपरच्या खिडकीवर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे झाले आहे. मला मात्र त्याहून दुसऱ्या एका वाक्याची धास्ती वाटते. ते रुग्णांच्या कानावर पडत नाही : ‘काळजी करू नका डॉक्टर, कालचा बॅकअप आहे, चढवून देतो.’

रुग्णालयातील नोंदणी, तपासण्या, औषधे, रक्तपेढी यांची माहिती ज्या डेटाबेसमध्ये असते, त्याला मागच्या एखाद्या क्षणाला परत नेता येते. यात जादू काही नाही. समजा, रात्री २ वाजता साऱ्या माहितीची एक पूर्ण प्रत काढून ठेवली. त्यानंतर झालेला प्रत्येक बदल एका वेगळ्या रोजनिशीत क्रमाने लिहिला जातो. तंत्रज्ञ तिला ‘लॉग’ म्हणतात. दुपारी काही बिघडले, तर रात्रीची प्रत घ्यायची आणि तिच्यावर लॉगमधल्या नोंदी एकेक करून पुन्हा चढवत न्यायच्या, हव्या त्या मिनिटाला थांबायचे. दाखल होतानाची तपासणी आणि त्यापुढचा तासातासाचा चार्ट हाती असला, की रुग्णाची सकाळी १० वाजताची अवस्था कशी होती हे आम्हाला सांगता येते, तसेच हे. फक्त लॉगचे मधले एक पान जरी हरवले, तरी त्या पानापुढे जाता येत नाही. आणि ज्या रुग्णालयात रात्रीची प्रत निघते पण लॉग जपला जात नाही, तिथे मागे जाणे म्हणजे थेट रात्री २ वाजता जाणे.

आता एक काल्पनिक प्रसंग घेऊ. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि सारख्या नावांच्या काही रुग्णांच्या नोंदी एकमेकांत मिसळल्या. हे लक्षात आले दुपारी ४ वाजता. सोपा उपाय म्हणून संपूर्ण डेटाबेस ११.३९ वर नेला, तर मिसळलेल्या नोंदी सुटतील. पण मधल्या सव्वाचार तासांत दुसऱ्या शेकडो रुग्णांबाबत जे जे नोंदवले, तेही जाईल. दुपारी १ वाजता दिलेले इन्सुलिन संगणकाला ठाऊक नसेल. संध्याकाळच्या पाळीचा निवासी डॉक्टर पडद्यावर ‘दिलेले नाही’ असे पाहील आणि पुन्हा द्यायला सांगेल. पेनिसिलिनची ॲलर्जी १२ वाजता नोंदवली असेल, तर ती नोंद गेलेली असेल. रक्तपेढीत दुपारी तपासणीत दूषित ठरून बाजूला काढलेली पिशवी संगणकावर पुन्हा आधीच्या स्थितीत दिसू लागेल. संगणक मागे गेला, तरी रुग्णाच्या रक्तातले इन्सुलिन मागे जात नाही.

याहून फसवा प्रकार क्रमांकांचा आहे. नोंदणीचा पुढचा क्रमांक कोणता, हेही डेटाबेसच लक्षात ठेवतो. तो मागे गेला की हा मोजणीचा आकडाही मागे जातो, आणि दुपारी एका आजीबाईंना दिलेला क्रमांक संध्याकाळी अपघातात आलेल्या तरुणाला मिळू शकतो. आजीबाईंच्या हातात त्या क्रमांकाचा कागद आहे, प्रयोगशाळेत त्याच क्रमांकाची त्यांची नळी आहे. रिपोर्ट येईल तेव्हा तो कुणाच्या नावावर चढेल? उपाय साधा आहे : खिडकी उघडण्यापूर्वी आकडा मुद्दाम काही हजारांनी पुढे ढकलायचा. पण हे कुणाला तरी आठवावे लागते, आणि घाईच्या वेळी आठवायचे तर ते आधीच लिहून ठेवलेले हवे.

जाणकार तंत्रज्ञ अशा वेळी चालू डेटाबेसला हात लावत नाहीत. ते ११.३९ ची अवस्था दुसऱ्या यंत्रावर उभी करतात, बिघडलेल्या तेवढ्याच नोंदी तिथून उचलतात, तपासतात आणि चालू डेटाबेसमध्ये बसवतात. गाठ एका ठिकाणी असेल, तर आम्ही अख्खे पोट रिकामे करत नाही. या रीतीला वेळ आणि माणूस जास्त लागतो, म्हणून ती टाळली जाते. पण सगळे मागे न्यायचे की तेवढेच दुरुस्त करायचे, हा निर्णय माझ्या मते तांत्रिक नाहीच. तो वैद्यकीय आहे. वैद्यकीय अधीक्षकाच्या सहीशिवाय तो होऊ नये, आणि झाला तर प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टरला, रक्तपेढीला, प्रयोगशाळेला त्याच क्षणी कळावे : ‘११.३९ ते ४ या वेळेतले पडद्यावरचे काहीही खरे धरू नका, कागद पाहा.’ यासाठी मुळात कागद असायला हवा. पूर्ण कागदविरहित होण्याची घाई झालेल्यांना हे जुनाट वाटेल, वाटू द्या.

मागे जाण्यापूर्वी बिघडलेल्या अवस्थेचीही एक प्रत जपून ठेवायला हवी. केसपेपरवर चूक झाली तर एक आडवी रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि वेळ. व्हाइटनर लावायचा नाही, असे आम्ही इंटर्नना पहिल्या आठवड्यात शिकवतो. न्यायालयात खाडाखोडीपेक्षा व्हाइटनर जास्त संशयास्पद ठरतो. अख्खा डेटाबेस मागे नेऊन पुढचे सारे पुसून टाकणे हा व्हाइटनरच आहे, फक्त बाटली मोठी.

बॅकअप आहे म्हणजे सगळे सुरळीत, हा समज दिल्लीच्या ‘एम्स’ने खोटा ठरवला आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे सायबर हल्ल्यात पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. ई-हॉस्पिटलची माहिती न बिघडलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले. ती चांगलीच गोष्ट. तरी नोंदणी, दाखल करणे, डिस्चार्ज ही कामे बहुतांशी पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. तोवर देशातल्या सर्वात नावाजलेल्या रुग्णालयाचे काम हाताने चालले.

प्रत नीट निघते की नाही हे न पाहिल्याचे उदाहरण संगणकवाल्यांच्याच जगातले आहे. ‘गिटलॅब’ ही प्रोग्रामर मंडळींच्या रोजच्या वापरातली कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे ३०० गिगाबाइट होता. बॅकअपकडे वळल्यावर कळले, की नेहमीची प्रत निघतच नव्हती. अपयशाची सूचना देणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते, त्यामुळे कुणाला पत्ताही नव्हता. शेवटी एका कर्मचाऱ्याने वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी काढलेली प्रत उपयोगी पडली. मधल्या सहा तासांतली माहिती गेली ती गेलीच. कंपनीने हे सारे उघडपणे जगाला सांगितले, याचे मला फार कौतुक आहे. आपल्याकडे अशी घटना घडली तर फायलीत ‘तांत्रिक अडचण’ एवढेच शब्द उरतात.

‘आमचा दुसरा सर्व्हर हुबेहूब आरसा आहे’ असे पुरवठादार सांगतात, तेव्हाही सावध राहावे. आरसा चूकही तितक्याच तत्परतेने दाखवतो. इथे नोंद पुसली, की क्षणार्धात तिथेही पुसली जाते. यंत्र बंद पडले तर आरसा कामाचा. माणूस चुकला तर नाही.

म्हणून निविदेत सर्व्हर किती मोठा, पडदे किती इंचांचे, यापेक्षा दोन प्रश्न आधी लिहिले जावेत. जास्तीत जास्त किती मिनिटांच्या नोंदी गमावणे आम्हाला परवडेल? आणि किती तासांत काम पुन्हा सुरू होईल? उत्तरे वॉर्डात काम करणाऱ्यांनी द्यायची, कारण नेत्र विभागाच्या ओपीडीचे उत्तर एक असेल आणि अतिदक्षता विभागाचे वेगळे. मग दर तीन महिन्यांनी, एखाद्या रविवारी, एका मोकळ्या यंत्रावर कालची दुपार उभी करून दाखवायला सांगावे, आणि एखाद्या सिस्टरनेच पडद्यावरच्या दहा रुग्णांची औषधे कागदी चार्टशी ताडून पाहावीत. डिफिब्रिलेटर आम्ही दर पाळीला तपासतो, रुग्ण कोसळेपर्यंत थांबत नाही. सरकारी रुग्णालयात माणसे कमी आहेत, हे मला कुणी सांगायला नको. पण या तालमीला लागतात एक तंत्रज्ञ, एक सिस्टर आणि अर्धा दिवस, तेही वर्षातून चार वेळा.